कंपवात: पहिल्या शंकेपासून गोळीची वेळ बसेपर्यंत

मेंदूच्या डॉक्टरांकडे निघताना आधी एक पिशवी भरायची. मागच्या सहा-आठ महिन्यांत पेशंटच्या पोटात गेलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट तिच्यात गेली पाहिजे. चालू असलेली, मध्येच सोडलेली, मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली, शेजाऱ्याला गुण आला म्हणून आणलेली, वैद्यांचं चूर्ण, सगळं. घरच्या माणसाचा कंपवात (पार्किन्सन्स) सांभाळताना आम्हाला जे शिकायला मिळालं त्यात ही पिशवी पहिली येते. एमआरआयची फाईल सगळे काखेत धरून नेतात, पिशवी मात्र क्वचित कुणाच्या हातात दिसते.

कारण साधं आहे. मेंदूतल्या डोपामिन या हालचाल चालवणाऱ्या रसायनाचं काम अडवणाऱ्या काही गोळ्यांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात आणि या गोळ्या अगदी किरकोळ तक्रारींसाठी दिल्या जातात. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीने एकाच कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन चालू असेल तर तेही. ‘गॅसची गोळी’ म्हणून वर्षभर रोज घेतलेल्या कॅप्सूलने म्हातारं माणूस संथ होतं, चेहरा बसतो, हात थरथरतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे घटक छापलेले असतात ते भिंगाने का होईना, वाचून घ्यावेत. अशी गोळी बंद केल्यावर फरक पडायला काही आठवडे ते सहा महिने जातात, क्वचित जास्त. तरीही त्रास राहिला तर मूळ आजार आत होताच, गोळीने तो लवकर उघडा केला असं धरतात. मानसिक आजाराची गोळी मात्र आपल्या मनाने कधीच थांबवायची नाही, ते त्या डॉक्टरांशी बोलूनच.

पिशवीनंतर नजर. आपल्याकडे हात थरथरला की ‘वारं गेलं’, ‘लकवा मारला’ असं म्हणून मोकळे होतात. लकवा काही मिनिटांत, तासांत येतो. कंपवात वर्षानुवर्षं चोरपावलांनी येतो, आणि एका बाजूने सुरू होतो ही त्याची मोठी खूण. शिवाय थरथर हे त्याचं मुख्य लक्षण नाहीच. मुख्य लक्षण म्हणजे मंदपणा: हालचाल हळू होणं आणि तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करताना लहान लहान होत जाणं. त्याच्या जोडीला हात स्वस्थ असतानाची थरथर किंवा अंगाचा ताठरपणा, यांपैकी एक तरी असेल तर डॉक्टर ‘पार्किन्सनिझम’ म्हणतात. बऱ्याच पेशंटांना थरथर जवळजवळ नसतेच, आणि त्यांचं निदान सगळ्यात उशिरा होतं.

घरात या गोष्टी आधी दिसतात. चालताना एकच हात हलत नाही. बंडीच्या गुंड्या लावायला, धोतर नेसायला, लुगड्याच्या निऱ्या घालायला वेळ लागतो. सही बारीक होत जाते, इतकी की पीककर्जाच्या कागदावर बँकेत ती जुळत नाही. आवाज बसतो, फोनवर समोरचा ‘काय, काय’ करतो. एक खांदा दुखतो आणि ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून कित्येक महिने शेक चालतो. याच्याही आधीची, कधी कधी दहा-पंधरा वर्षं आधीची लक्षणं आहेत: बद्धकोष्ठ, वास न येणं (फोडणी करपली तरी कळत नाही) आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणं, हातपाय झाडणं. शेवटचं लक्षण पेशंटला ठाऊक नसतं. ते शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं असतं, म्हणून पेशंटबरोबर जोडीदाराने जाणं फार महत्त्वाचं.

ओपीडीत दहा मिनिटं मिळतात आणि अनोळखी जागी पेशंट वेगळाच वागतो, कधी नेहमीपेक्षा बरा चालतो. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ करून न्यायचे. आम्ही पाच प्रकारचे काढतो. खुर्चीत बसून हात मांडीवर सैल ठेवायचे आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं. मन गुंतलं की स्वस्थ हाताची थरथर वर येते. दोन्ही हात समोर धरायचे, मग पाण्याचा पेला तोंडाशी न्यायचा. अंगठा आणि पहिलं बोट मोठं उघडत दहा-पंधरा वेळा आपटायचं, आधी एक हात, मग दुसरा. हाताची घडी घालून खुर्चीतून उठायचं. आणि ओसरीत किंवा रस्त्यावर दहा मीटर चालून, वळून परत यायचं. हे बाजूने आणि समोरून दोन्हीकडून घ्यायचं, पाय दिसले पाहिजेत. प्रत्येक व्हिडिओ अर्ध्या मिनिटाच्या आतला. लग्नातल्या शूटिंगसारखा चेहऱ्यावर झूम नको.

पेला तोंडाशी नेतानाच हात जास्त हलत असेल, दोन्ही हात सारखेच हलत असतील, मान किंवा आवाजही कापत असेल आणि वडील-चुलत्यांनाही तसंच असेल, तर तो बहुधा दुसरा आजार: इसेन्शियल ट्रेमर. त्याची औषधं वेगळी, प्रोप्रॅनोलॉलसारखी. कंपवाताची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा, स्वस्थ हातात, आणि हात कामाला लागला की बहुधा कमी होणारी. हा एक फरक नीट दाखवता आला तरी निम्मं काम झालं.

आता तपासण्या. रक्त तपासून किंवा एमआरआय करून साधा कंपवात ‘सापडत’ नाही. या आजारात नेहमीचा एमआरआय वयाच्या मानाने नॉर्मलच येतो. पैसे वाया गेले म्हणून नातेवाईक चिडतात, पण स्कॅन दुसऱ्या गोष्टी वगळायला असतो. मधुमेह आणि बीपीच्या पेशंटला मेंदूत बारीक बारीक रक्तपुरवठ्याचे झटके येऊन गेलेले असतील तर हात चांगले आणि पायच चिकटल्यासारखे, असं चित्र दिसतं. मेंदूत पाणी साठून चाल, लघवी आणि स्मरण एकत्र बिघडलं असेल तर तेही स्कॅनमध्ये दिसतं, आणि काहींना शंट (ते पाणी काढून देणारी नळी) बसवून फरक पडतो. चाळिशीच्या आतल्या पेशंटला तांब्याची तपासणी, म्हणजे सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्यांची तपासणी, आवर्जून करतात, कारण विल्सन्स आजाराला औषध आहे. डोपामिनचा ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट मोठ्या शहरांत होतो. थरथर इसेन्शियल आहे की कंपवाताची, असा खरा पेच असेल तेव्हा तो उपयोगी. एरवी डॉक्टरांचे हात आणि डोळे पुरेसे असतात, आणि त्याहून मोठी परीक्षा म्हणजे गोळीला मिळणारा प्रतिसाद.

निदान सांगितलं की पहिला प्रश्न येतो, हे कशामुळे झालं? मेंदूच्या देठात मध्यमेंदू नावाचा भाग आहे. तिथल्या काळसर पेशी डोपामिन बनवतात आणि हालचाल सुरू करण्याचं, तिचा आवाका ठरवण्याचं काम त्या डोपामिनवर चालतं. या पेशी मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, म्हणून ‘अचानक झालं’ हे खरं नसतं. पेशींत आल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडून गोळा होतं. त्या गोळ्यांना १९१२ साली त्या पाहणाऱ्या फ्रिट्झ लेवी यांच्यावरून लेवी बॉडी म्हणतात. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली आजाराचं वर्णन केलं ते केवळ सहा माणसं पाहून, त्यांतली काही तर रस्त्यात दिसलेली. डोपामिनचा संबंध कळायला १९५० चं दशक उजाडलं. त्या कामासाठी आर्विड कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पण त्या पेशी मरतात का? एका पेशंटपुरतं याचं एक उत्तर देता येत नाही. वय हे सगळ्यात मोठं कारण, पुरुषांना बायकांपेक्षा साधारण दीडपट धोका. थेट एका जनुकाने होणारा आजार शंभरात पाच-दहा जणांत. एलआरआरके-२, पार्किन ही त्यांतली ओळखीची नावं. पन्नाशीच्या आत सुरुवात झाली किंवा जवळच्या नात्यात दोघा-तिघांना असेल तर जनुक तपासण्यात अर्थ आहे, एरवी मुलांनी उगाच धास्ती घेऊ नये. उरलेल्यांत वय, थोडी जनुकं आणि बाहेरचं वातावरण यांची मिळून बेरीज असते.

मराठवाड्यात बाहेरचं वातावरण म्हटलं की बोलणं फवारणीवर येतं, आणि ते चुकीचं नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात नशेसाठी बनावट हेरॉइन टोचून घेतलेली तरुण माणसं काही दिवसांत कंपवाताच्या शेवटच्या टप्प्यासारखी थिजून गेली. त्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली, आणि एखादं रसायन नेमक्या याच पेशी मारू शकतं हे पहिल्यांदा कळलं. ते शरीरात ज्या रूपात जातं त्याच्या रचनेशी पॅराक्वाट या तणनाशकाचं साम्य आहे. रोटेनोन हे कीटकनाशकही पेशीतल्या ऊर्जेच्या त्याच यंत्रणेवर घाव घालतं. या दोन्हींच्या संपर्कातल्या शेतकऱ्यांत धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पॅराक्वाटवर युरोपीय संघात २००७ पासून बंदी आहे, आपल्याकडे ते दुकानात मिळतं. तरी आपल्या माणसाला कपाशीवर मारलेल्या औषधानेच हे झालं, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आयुष्यभर फवारणारे बहुतेक जण या आजारापासून दूर राहतात आणि कधी पंप न धरलेल्यालाही तो होतो. करायचं ते पुढच्या पिढीसाठी: पाठीवरचा पंप गळका नको, द्रावण हाताने ढवळायचं नाही, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारायचं नाही, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, आणि ते कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवायचे. रिकामे डबे पाण्याला वापरणं तर आजही चालतं. याला अडाणीपणा म्हणून भागत नाही, शेतावर दुसरं भांडंच नसतं.

आता गोळी. कंपवातावरचं सगळ्यात प्रभावी औषध अजूनही लेव्होडोपाच. आपल्याकडे ते कार्बिडोपाच्या जोडीने येतं आणि पाकिटावर ११० किंवा १२५ असा आकडा असतो. दोन्हींत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच, फरक कार्बिडोपाचा: ११० मध्ये १०, १२५ मध्ये २५. कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी रक्तातच खर्च होऊ देत नाही, आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७५ मिलिग्रॅम लागतं. १२५ च्या तीन गोळ्यांत ते भरतं, ११० च्या तीन गोळ्यांत ३० च होतं. सुरुवातीला मळमळ, उलटी झाली म्हणून औषध ‘सोसत नाही’ असा शिक्का बसतो, त्यातल्या काही ठिकाणी घोळ एवढाच असतो. मेडिकलमध्ये ‘तेच आहे, घ्या’ म्हणून १२५ ऐवजी ११० दिली तर परत करावी. मळमळीवर डॉक्टर डोमपेरिडोन देतात, मेटोक्लोप्रामाइड या आजारात नको.

डोस साधारणपणे अर्ध्या गोळीपासून, दिवसातून तीनदा असा सुरू होऊन दर आठवड्याला थोडा वाढतो. दोन गोळ्यांत चमत्कार होत नाही. पुरेसा डोस, बऱ्याचदा दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, महिनाभर तरी दिल्याशिवाय ‘गुण नाही’ म्हणायचं नसतं. मंदपणा आणि ताठरपणा आधी सुधारतो, थरथर हट्टी असते. घरचे थरथरीकडेच बघत बसतात आणि माणूस स्वतःच्या हाताने भाकरी मोडायला लागला हे त्यांच्या नजरेतून सुटतं.

‘ही गोळी पाच वर्षंच चालते, म्हणून उशिरा सुरू करा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. घाना आणि इटली इथल्या पेशंटांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानात औषध खूप उशिरा सुरू झालेलं, तरी गोळीचा असर मध्येच ओसरणं आणि अंग वळवळणं हे त्रास दोन्हीकडे आजार सुरू होऊन जवळपास तेवढीच वर्षं झाल्यावर आले. म्हणजे घड्याळ आजाराचं चालतं, गोळीचं नाही. काम अडायला लागलं की सुरू करावी.

वेळ. उपचाराचा अर्धा भाग इथे आहे. लेव्होडोपा रक्तात निम्म्यावर यायला दीड तास पुरतो. आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना त्याची जेवणातल्या प्रथिनांशी चढाओढ होते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर. सकाळी सहाला उठल्या उठल्या, मग चहा. दहाच्या भाकरी-पिठल्यानंतर बाराला. दुपारचं खाणं एकच्या पुढे. तिसरी संध्याकाळी सहाला, जेवण सातला. शेतावरच्या घरात ही वेळ सहज बसते, कारण जेवणं तशीही ठरलेली असतात. तुरीचं वरण, दूध, अंडी, शेंगदाण्याची चटणी बंद करायची नाही. या आजारात वजन उतरतं. दुपारची गोळी लागूच पडत नाही असं दिसलं तरच प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीकडे सरकवायचा. रक्तवाढीची लोहाची गोळी लेव्होडोपाला आतड्यातच धरून ठेवते, दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं.

काही वर्षांनी गोळी चार तासांऐवजी तीन तास पुरू लागते. तेव्हा वही लागते. पुढच्या भेटीआधी तीन दिवस, जागेपणी दर तासाला एक शब्द लिहायचा: ‘चालू’ (गोळीचा असर आहे), ‘बंद’ (असर ओसरला), ‘वळवळ’ किंवा ‘झोप’. गोळीच्या आणि जेवणाच्या वेळेवर खूण. या एका पानावरून डॉक्टर ठरवतात की अंतर कमी करायचं, डोस कमी करायचा की एन्टाकापोन, रासाजिलिन, अमांटाडिनसारखं काही जोडायचं. ‘मधूनमधून त्रास होतो’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

जोडीच्या औषधांत दोन सावधगिरीच्या गोष्टी. थरथरीसाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल स्वस्त आहे, पण सत्तरीतल्या माणसाला त्याने भ्रम, विसराळूपणा, लघवी अडकणं होतं. म्हातारा ‘वेडसर’ झाला तर आधी ही गोळी बघा. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलवर काही पेशंटांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांचा आवर सुटतो. पेशंट हे लपवतो. मोबाईलवरची रमी, मटका, बँकेतून निघालेले पैसे यांच्यावर घरच्यांची नजर हवी, आणि हे औषधाने होतं हे आधीच सांगून ठेवलं तर घर फुटत नाही.

खाजकुइलीच्या बियांबद्दल विचारणारे भरपूर. त्यात लेव्होडोपा खरंच असतं. १९३७ साली भारतातल्या संशोधकांनीच ते या बियांतून वेगळं काढलं. अडचण मापाची. खुल्या चूर्णात किती आहे ते कुणी सांगत नाही, आणि गोळ्यांवर ते चढवलं की अंग वळवळतं, बीपी पडतं. घ्यायचंच असेल तर प्रमाण छापलेलं, आणि डॉक्टरांच्या कानावर घालून.

मराठवाड्याचा उन्हाळा या पेशंटांना जड जातो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ वाढतं, गोळी पोटातच रेंगाळते, आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं. बीपी झोपून मोजायचं, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर लगेच कळवायचं, कारण चालू असलेली बीपीची गोळी कमी करावी लागू शकते. पडून खुबा मोडणं हा कंपवातातला मोठा धोका. झोळ पडलेल्या सुताच्या बाजेवरून या पेशंटला उठता येत नाही; गुडघ्याएवढी उंच, टणक गादीची कॉट हवी. बैठ्या संडासावर कमोडची खुर्ची. उंबऱ्याशी पाय चिकटत असतील तर जमिनीवर हातभर अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवायच्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. अडकलेल्या माणसाला मात्र हाताला धरून ओढायचं नाही. थांबू द्यायचं, वजन एका पायावर घ्यायला लावायचं, मोठ्याने ‘एक, दोन’ म्हणायचं.

पहिल्याच वर्षात वारंवार मागे पडणं, नजर खाली न वळणं, सुरुवातीलाच लघवी तुंबणं किंवा भास होणं, पुरेशा डोसलाही गुण नसणं, यांतलं काही असेल तर निदान पुन्हा तपासायला सांगावं. पीएसपी, एमएसए हे मेंदूचे दुसरे आजार सुरुवातीला कंपवाताचंच सोंग घेतात.

दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात भरती करावं लागलं तर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं: लेव्होडोपाच्या वेळा, एकही डोस चुकवू नये, हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. वॉर्डात गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा वाटल्या जातात, घड्याळ आपणच धरायचं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं तरी घोटभर पाण्यासोबत गोळी चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारायचं. लेव्होडोपा एकदम बंद पडलं तर ताप, कडक अंग, बेशुद्धी असं जीवघेणं होऊ शकतं. मोंढ्यातलं मेडिकल बंद असेल, एसटी चुकेल, पूर येईल. आठवड्याची गोळी घरात शिल्लक असू द्यावी, उन्हापासून लांब.

राहिलं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी. बहुतेक सवलतींना चाळीस टक्के लागतात. गोळी चढलेली असताना पेशंट तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे बरा चालतो आणि टक्के कमी लागतात. गोळी चुकवून नेणं हा उपाय नव्हे. ‘बंद’ अवस्थेतले व्हिडिओ, तासांची वही आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी बरोबर न्यायची, आणि बोर्डातल्या डॉक्टरांना विचारायच्या आतच ती पुढे ठेवायची.